कावळे कुत्र्याची शेपटी ओढतात, खार मांजरीला खिजवते: काय करावं?

परसदार_मिरज
बैठं घर, मागे परस, त्यात एक आंबा आणि एक शेवगा. घरात चार वर्षांचा लॅब्रेडॉर आणि एक मांजरी. सकाळी कुत्र्याला भाकरी-दूध घातलं की दोन-तीन कावळे उतरतात. एक मागून शेपटीला चोच मारतो, कुत्रा वळला की दुसरा तुकडा पळवतो. आठवडाभरापासून खाणं नसतानाही ते त्याच्या डोक्यावर झेपावतात. शिवाय खिडकीसमोरच्या फांदीवर बसून खार तासन्‌तास चिकचिक करते. मांजरी जाळीवर उड्या मारते, हात लावला तर ओरबाडते. कुणालाही इजा न होता हे थांबेल का?

रानवाट
तुमच्याकडे कावळ्यांच्या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

शेपटी ओढणं ही सरळ चोरी. कावळे गुपचूप, जमिनीवरून आणि मागून येतात, तेही खाण्याच्या वेळीच. भांडं मोकळ्या अंगणात असेल तर त्यांना चारही बाजू खुल्या मिळतात. ते भिंतीच्या कोपऱ्यात, वर पत्रा किंवा टेबल असेल अशा जागी ठेवा. कुत्र्याची पाठ भिंतीकडे आणि तोंड अंगणाकडे येईल असं बघा. १५ मिनिटांनी भांडं उचला, उरलेलं असलं तरी. कुत्र्याला आठवडाभरात वेळेची सवय लागते. सांडलेले तुकडे झाडून घ्या, नाहीतर भांडं उचलूनही कावळे येतच राहतील. पाण्याचं भांडं मात्र दिवसातून दोनदा घासून भरा. कावळे सुकी चपाती आणि हाडं त्यात भिजवतात.

डोक्यावर झेपावणं म्हणजे घरटं जवळ आहे. आपल्याकडे गावकावळ्याची वीण पावसाळ्याच्या तोंडावर होते. अंडी साधारण १६-१७ दिवस उबवली जातात आणि पिल्लं पुढे तीन-चार आठवडे घरट्यात राहतात. म्हणजे फार तर दीड-दोन महिन्यांचा प्रश्न. आंब्यावर शेंड्याजवळ काटक्यांचा, कधी तारांचाही ढीग दिसतो का बघा.

जुन्या सीड्या टांगणं दोन-चार दिवसच चालतं. खोटा मेलेला कावळा लटकवू नका, त्याने जास्त कावळे जमतात आणि कुत्र्यावर आणखी चिडतात.

परसदार_मिरज
घरटं सापडलं, आंब्यावरच आहे. काठीने उतरवून शेजारच्या झाडावर ठेवलं तर?

रानवाट
नको. हलवलेल्या घरट्यावर आईबाप परत येतील याचा भरवसा नाही आणि आतलं एखादं अंडं कोकिळेचंही असू शकतं. तेवढे आठवडे कुत्र्याला आंब्याखालून नेऊ नका, पुढच्या दारानेच काढा. जावंच लागलं तर उघडी छत्री डोक्यावर धरून पट्ट्याने जवळ घेऊन चाला. कावळे पाठीमागून येतात, समोर बघणाऱ्यावर सहसा झेपावत नाहीत. कुत्र्याला ‘छू’ म्हणून अंगावर सोडू नका. तो जितका भुंकेल तितके ते जास्त वेळ थांबतील.

सर्वात धोक्याचे दिवस पिल्लू जमिनीवर उतरतं तेव्हाचे. शेपूट आखूड, डोळे निळसर-करडे आणि तोंड आतून लालसर असलेलं पिल्लू दिसलं तर कुत्रा-मांजर आत कोंडा. ते रस्त्यात असेल तरच टॉवेलने उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा.

मनीचा_दवाखाना
कुत्र्याचा डोळा रोज बघा. एक डोळा मिटलेला राहणं, पाणी गळणं किंवा बुबुळावर निळसर-पांढरी झाक येणं म्हणजे चोच लागलेली असू शकते. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. घरातले माणसांचे थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळावरची जखम चिघळते.

आता मांजरी. खारीची चिकचिक ही धोक्याची हाक आहे. ‘तू मला दिसलीस’ एवढाच तिचा अर्थ. दबा धरून शिकार करणाऱ्या प्राण्याला पाहून ठेवलं की त्याचा डाव संपतो, पण खिडकीआडच्या मांजरीला धडपणे जाताही येत नाही आणि झडपही घालता येत नाही. तो ताण ती जवळ आलेल्या हातावर काढते. शेपटी आपटत असेल, कान मागे असतील तर उचलू नका. पडदा ओढा, खोलीत अंधार करा, अर्धा तास एकटी सोडा.

कायमचा उपाय म्हणून खिडकीच्या खालच्या दोन-अडीच फुटांवर अर्धपारदर्शक फिल्म चिकटवा. उजेड येतो, फांदी दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं दोरीला बांधलेलं पीस पळवून खेळवा, शेवटी ते तिला पकडू द्या आणि लगेच खायला घाला. खिडकीपासून दोन मीटरच्या आतल्या फांद्या छाटायच्या असतील तर कावळ्यांची वीण संपल्यावर आणि खारीचं घरटं नसल्याची खात्री करूनच. मच्छरदाणीची जाळी मांजरीचं वजन पेलत नाही, ती चौकटीतून निघते. स्टीलची जाळी स्क्रूने बसवा.

मांजरीने पक्षी किंवा खार तोंडात धरलीच, तर जखम बारीक दिसली तरी त्या जिवाला प्रतिजैविक लागतं. मांजराच्या दातांमधल्या जंतूंनी तो एक-दोन दिवसांत मरू शकतो.

बांधावरचा
वरच्या दोन्ही सल्ल्यांना दुजोरा. एक भर घालतो.

प्रत्येक कलकलाट कुत्र्या-मांजरासाठी नसतो. सातभाई, बुलबुल आणि खार एकाच कुंपणाजवळ जमून खाली बघत ओरडत असतील, आणि तुमची दोन्ही जनावरं घरात असतील, तर तिथे साप असण्याची शक्यता मोठी. लॅब्रेडॉर आवाजाकडे धावत जातो आणि नाक घालतो, दंश तोंडावर होतो. त्यामुळे असा गोंगाट ऐकला की आधी दार लावा, मग लांबूनच बघा. साप दिसलाच तर नजर ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. परसातला विटांचा आणि पाचोळ्याचा ढीग मात्र पाऊस सुरू होण्याआधीच हलवा.