मदत हवी आहे: मुलासाठी वेगळं नाव, पण अर्थ खरा असलेलं

नमस्कार मंडळी, आम्हाला मुलगा झालाय आणि घरात सगळे त्याला अजून नुसतं बाळ म्हणतायत कारण नाव काही ठरत नाहीये. लिस्ट करतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातली निम्मी नावं आम्हीच खोडतो. जरा सविस्तर लिहितेय म्हणजे सुचवणाऱ्यांना सोपं जाईल.

वेगळंच नाव कशाला हवं हे घरच्यांनीही विचारून झालंय. नवऱ्याच्या वर्गात त्याच्याच नावाची अजून दोन मुलं होती, त्यामुळे शाळेत, मग कॉलेजात आणि आता ऑफिसमध्येसुद्धा त्याला सगळे आडनावानेच हाक मारतात, घराबाहेर स्वतःचं नाव त्याच्या कानावर फारसं पडतच नाही. त्याचं म्हणणं एवढंच की मुलाला हाक मारली की एकानेच वळून बघावं. मला ते मनापासून पटतं.

पण वेगळं म्हणून नेटवर जी नावं मिळतात त्यांचे अर्थ वाचून मी हैराण झालेय. जो तो विष्णूचा अंश नाहीतर सूर्याचं पहिलं किरण. आरवचा अर्थ कितीतरी ठिकाणी शांत असा दिलाय, संस्कृतमध्ये आरव म्हणजे आवाज, गलका, शांत हवं असेल तर ते नीरव. आरव गोडच नाव आहे आणि आवाज हा अर्थही मला आवडला, पण मुलगा मोठा होऊन विचारेल तेव्हा त्याला खरं ते सांगता यायला हवं ना. म्हणून आता प्रत्येक नाव मी कोशात बघते. आपट्यांचा संस्कृत कोश १८९० चा आणि मोनिअर-विल्यम्सचा १८९९ चा, दोन्ही नेटवर सर्च करता येतात, ज्यांचं असंच शोधणं चालू आहे त्यांनी जरूर वापरा.

आत्तापर्यंत टिकलेली नावं अशी. अगस्त्य हे नवऱ्याचं आवडतं, ऋषींचं नाव आहे आणि ताऱ्याचंही, रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तोच तेजस्वी. पण इंग्रजीत लिहिलं की शेवटच्या ए मुळे लोक सर्रास अगस्त्या वाचतात. मला स्वतःला ऋतुपर्ण फार आवडलंय. नळ-दमयंतीच्या गोष्टीतला अयोध्येचा राजा, रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं नुसत्या नजरेने मोजून सांगतो आणि मग नळाला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या देतो आणि त्याच्याकडून अश्वविद्या घेतो, म्हणजे दोघं एकमेकांचे गुरू. किती सुंदर आहे हे! पण सुरुवातीलाच ऋ, त्याचं स्पेलिंग कोणी आर-यू करणार कोणी आर-आय, आणि एकदा एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं झालं की निस्तरत बसा. कणाद पण आहे, वैशेषिक दर्शनवाले, परमाणूचा विचार मांडणारे, छोटं आणि खणखणीत. विभास हे सकाळच्या रागाचं नाव, अर्थ तेज, पण फोनवर सांगून बघितलं तर समोरच्याला विकास ऐकू आलं.

अजून एक टेस्ट आम्ही करतो, नावाला "या" लावून बघतो. मित्र ते लावणारच, त्याला इलाज नाही. सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाचा तारा मरीची, अर्थ किरण, मी अगदी नक्की करत आले होते, पण त्याचं मऱ्या होतं हे लक्षात आलं आणि त्याच क्षणी खोडलं. आपल्या लेकराला कोणी रोज असं हाक मारलेलं मला नाही सहन होणार.

नावात माझंही काहीतरी असावं असं फार वाटतं. माझं नाव अदिती. दोघांच्या नावांची अक्षरं जोडून बघितली पण एकालाही धड अर्थ येत नाही. अमुक अक्षरावरूनच हवं अशी काही अट नाही, फक्त तीन-चार अक्षरांच्या पुढे नको. प्लीज सुचवा, आणि वरच्यांपैकी कुठलं चालेल तेही सांगा.

निळी छत्री: अभिनंदन! अगस्त्य आता तेवढं वेगळं राहिलेलं नाही हं, लहान मुलांमध्ये बऱ्यापैकी ऐकू येतं. कणादला माझं मत. अर्जुनाच्या दहा नावांत जिष्णू आहे, अर्थ विजयी, ते बघा. फक्त घाईत म्हटलं की विष्णू वाटतं.

पानगळ: अदितीताई, तुमचं नाव असताना अक्षरं जोडायची गरजच नाही. आईच्या नावावरून मुलाचं नाव ही आपल्याकडची खूप जुनी पद्धत आहे. कुंतीचा कौंतेय, राधेचा राधेय, गंगेचा गांगेय, विनतेचा वैनतेय म्हणजे गरुड. पाणिनीने त्यासाठी सूत्रच दिलंय, स्त्रीभ्यो ढक्, ढक् म्हणजे स्त्रीच्या नावापुढे लागणारा हा एय, आणि पहिल्या अक्षराची वृद्धी होते, म्हणजे कुं चं कौं, वि चं वै. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम तर गुरूंसमोर उभा राहून सरळ सांगतो की आईचं नाव जबाला आहे, म्हणून मी सत्यकाम जाबाल. अदितीचा मुलगा म्हणजे आदित्य, ते तर घरोघरी आहे, पण त्याच अर्थाचं आदितेय असंही रूप आहे, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सूर्याला आदितेय म्हटलंय. हे नाव असलेला मुलगा मी तरी अजून पाहिला नाही. अर्थ खरा, नाव वेगळं आणि त्यात तुम्ही आहातच.

जाता जाता एक, जिष्णू, सात्यकी असली नावं मराठीत लिहिताना शेवटचं अक्षर दीर्घ, संस्कृतात ऱ्हस्व असलं तरी. व्यक्तिनामांना तो नियम आहे. सुरुवातीपासून सगळ्या कागदांवर एकसारखं ठेवा.

रिकामा बाक: माझं स्वतःचं नाव वेगळं आहे म्हणून लिहितो. पूर्णपणे अनोळखी नावाचा त्रास होत नाही. लोक एकदा "काय म्हणालात?" विचारतात, लिहून घेतात आणि मग कायम लक्षात ठेवतात. त्रास होतो तो माझ्यासारख्या नावाचा, जे एखाद्या कॉमन नावापेक्षा एका अक्षराने वेगळं असतं. समोरच्याला वाटतं याने चुकीचं लिहिलंय आणि तो स्वतःच दुरुस्त करून टाकतो. मार्कशीट, तिकीट, बँक सगळीकडे माझं हेच झालंय आणि प्रत्येक वेळी अर्ज करून नाव बदलून घ्यायला मलाच जावं लागतं. आदितेय खूप सुंदर आहे, पण त्याचं सगळीकडे आदित्य होणार हे आत्ताच गृहीत धरा. त्यापेक्षा ऋतुपर्ण ठेवा. ऋ चं स्पेलिंग एकदा तुम्हीच ठरवून टाका आणि कुठेही बदलू नका, बास.

अदिती: सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं मनापासून लिहिलंत. पानगळ, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि आम्ही दोघंही आदितेयवर खूश झालो होतो. सत्यकामाचं तर मला माहीतच नव्हतं. मग रिकामा बाक यांचं वाचलं आणि ते पटलंच. शिवाय आदितेयचं लाडाने आदी होणार आणि प्रत्येक आदित्यचंही आदीच होतं, म्हणजे मैदानात हाक मारली की पुन्हा चार जण वळणार, नवऱ्याला नेमकं तेच नकोय.

पण त्या सूत्रावरून एक वाट सापडली. एय लावायच्या ऐवजी अदितीच्या मुलांचीच नावं बघितली. बारा आदित्य, त्यात वरुण, मित्र, विष्णू आहेत, अर्यमा आहे, आणि विवस्वान आहे. विवस्वान म्हणजे तेजस्वी, सूर्यच तो, मनू आणि यमाचा बाप. गीतेच्या चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण म्हणतो ना की हा योग मी आधी विवस्वानाला सांगितला, तोच. कोशात बघितलं, अर्थ चोख आहे. दुसऱ्या खोलीतून हाक मारून पाहिली, शेवटचा "वान" लांबपर्यंत जातो. या लावला तर विव्या, तेही चालेल. सारखं वाटणारं कॉमन नाव मला तरी आठवत नाहीये, तुम्हाला आठवलं तर सांगा.

शंका एकच उरलीये, दोन व आणि मध्ये स्व. लहान मुलाला स्वतःचं नाव नीट म्हणता यायला किती वेळ लागेल? ज्यांच्या घरात असं जोडाक्षराचं नाव आहे त्यांनी प्लीज लिहा, मूल स्वतः काय म्हणायचं सुरुवातीला, आणि पुढे शाळेत बाकीच्या मुलांनी ते पूर्ण म्हटलं का? आणि विवस्वान की ऋतुपर्ण, दोनातलं एकच सांगायचं तर कुठलं?