ऑनलाइन तयार झालेले प्रशिक्षक आता वर्गात उभे करायचे आहेत, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यात शिक्षक, अंगणवाडीताई आणि युवक मंडळांचे कार्यकर्ते मिळून आमचा एक गट आहे. १२ ते १८ वयाच्या मुलांशी रोज संबंध येणाऱ्या मोठ्या माणसांना आम्ही मानसिक प्रथमोपचार शिकवतो. ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू झालेल्या 'मेंटल हेल्थ फर्स्ट एड'च्या पायऱ्यांवर आराखडा बेतलाय: धोका किती आहे ते पाहणं, दोष न देता ऐकणं, धीर आणि माहिती देणं, मग तज्ज्ञांकडे आणि घरच्या आधाराकडे वळवणं.

कोरोनात सगळं झूमवर गेलं आणि नवे प्रशिक्षकही तिथंच तयार झाले. आता समोरासमोरची शिबिरं पुन्हा सुरू करायचीत, आणि घोडं इथंच अडलंय.

या मंडळींना विषय पक्का येतो. 'आत्महत्येबद्दल थेट विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही' हे ते छान समजावतात. पण सरावात समोर खरं माणूस बसवून 'तुला जीव द्यावासा वाटतोय का?' असं विचारायला सांगितलं की आवाज बसतो, नजर पडद्यावरच्या स्लाइडकडे जाते. झूमवर निम्म्यांचे कॅमेरे बंद, त्यामुळे हे कधी दिसलंच नाही.

दुसरं, शिबिरात कुणी रडायला लागलं तर? ऑनलाइन असताना माणूस स्वतःच बाहेर पडायचा, सहकारी त्याला फोन करायचा. इथं सगळा वर्ग बघत असतो. त्यात आपल्याकडं कोण कुणाचा मावसभाऊ निघेल सांगता येत नाही, संध्याकाळपर्यंत गावात बातमी.

गटातले जुने लोक म्हणतात, सगळं पहिल्यापासून शिकवा. मला ते पटत नाही. माहितीचा भाग ऑनलाइनच राहू दे. कणकुंबी-जांबोटीकडच्यांना भर पावसात बेळगावला बोलवायचं कशाला? सराव तेवढा समोरासमोर. कुणी असं केलंय का? किती दिवस लागतात? गट केवढा ठेवावा?

दवाखान्याबाहेरचा
तुमचं बरोबर आहे, माहिती परत शिकवू नका. दोन पूर्ण दिवस फक्त सराव घ्या, तिघातिघांत: एकानं मूल व्हायचं, एक मदत करणारा, एक बघणारा. पंधरा-सोळाच्या वर माणसं नकोत. तो अवघड प्रश्न प्रत्येकानं मोठ्यानं विचारायचाच, सुटका नाही.

प्रशिक्षक कायम दोन. एक शिकवतो, दुसरा फक्त चेहरे बघतो आणि गरज पडली तर माणसाला घेऊन बाहेर जातो. शेजारची एक खोली त्यासाठी मोकळी ठेवा.

आणि 'मी कुणालाही सांगणार नाही' असं वचन मुलाला द्यायचं नाही, हे घोटून घ्या. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तरी घरच्यांना सांगावंच लागतं. हे पहिल्याच मिनिटाला बोलायचं, मूल सगळं सांगून मोकळं झाल्यावर नाही.

पुढं पाठवायला १४४१६ (टेली मानस ही सरकारी मदतवाहिनी, चोवीस तास, भाषा निवडता येते) आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था. तालुका रुग्णालयात मनोचैतन्य योजनेत मंगळवारी मानसोपचार तज्ज्ञ येतात; तुमच्याकडं वार तोच आहे का, आधी फोन करून विचारा.

निपाणीची बाई
वरचं सगळं मान्य. पण एक बघा की, मुख्याध्यापक आणि त्यांच्याच शाळेतल्या बाई एका गटात घालू नका. आमच्याकडं तसं केलं होतं. साहेबांसमोर कोण तोंड उघडणार? दोन दिवस सगळे 'हो सर, हो सर'. चहाच्या वेळी मात्र जिन्यात खरं बोलणं चाललेलं.
तारखा दसऱ्याच्या सुट्टीत धरा. जानेवारीनंतर दहावीच्या परीक्षेमुळं कुणी येत नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. तिघातिघांचा सराव आणि दोन प्रशिक्षक, दोन्ही नक्की. दसऱ्याचंही गटात मांडतो, सुट्टी मोडायची म्हटल्यावर थोडी कुरकुर होईल, ती ऐकून घेऊ.
ताई, मुख्याध्यापकांना वेगळं बसवायचं तर त्यांना नेमकं काय सांगितलंत? आमच्याकडचे दोघे रुसणारे आहेत, आणि हॉल त्यांच्याच शाळेचा आहे.