दोन वर्षांचं आणि सात वर्षांचं मूल एकाच गाण्याच्या गटात असावं का?

गोदाकाठची
नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी मी मुलांचा गाण्याचा गट घेते. पाऊण तास, अकरा मुलं. सगळ्यांत धाकटं पावणेदोन वर्षांचं, थोरली सात पूर्ण. परवा थोरलीची आई म्हणाली, "लहानग्यांपायी माझी मुलगी मागे पडतेय, दोन बॅच करा." मला नाही पटलं. दादरा ताल घ्या ना. पिल्लू समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, पाय आपटतं, तेही चारदा चुकून एकदा. चार वर्षांची पहिल्या मात्रेला टाळी देतात, चौथीला टाळी न देता हात मोकळा सोडून 'खाली' दाखवतात. मोठी 'धा धी ना, धा ती ना' हे बोल म्हणतात. मात्रा त्याच सहा, प्रत्येकाला आपापलं काम. भोंडल्यात फेर धरताना कोणी कधी वय विचारलंय?

पंचवटीचा तबलजी
भोंडल्याला फी नव्हती ताई, उलट खिरापत मिळायची! विनोद सोडा. सात वर्षांच्या पोराचा हात बसायला लागतो, एकच बोल वीसदा काढायची तयारी असते. तेव्हाच शेजारचं बाळ डग्ग्यावर थपडा मारत असेल, तर 'ना' चाटेवर (तबल्याच्या काठावर) पडला की लवेवर (आतल्या भागावर), हे ऐकायचं कसं? गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पायरीपायरीने वर्गात गाणं शिकवायची घडी बसवली. पुढे आपल्याच पंचवटीत त्यांनी आश्रम काढला. त्या नाशकात तुम्ही प्रारंभिक परीक्षेच्या वयाची पोरं बालवाडीत बसवताय.

गोदाकाठची
अहो दादा, हा तबल्याचा क्लास नाहीच. हात बसवायचा असेल त्याला मी तुमच्याकडेच पाठवीन. पण तीन महिने तोंड न उघडलेला एक अडीच वर्षांचा मुलगा मोठ्या मुलीच्या ओठांकडे टक लावून बसायचा. एक दिवस तिच्याबरोबर शेवटचा शब्द म्हणाला. माझ्याकडे बघून नाही म्हणाला, तिच्याकडे बघून.

दोन पोरांची आई
छान आहे, पण त्या मुलीला विचारलंत का तिला काय मिळालं? माझा थोरला अशाच एका गटात होता (कुठला ते जाऊ द्या). महिनाभर मजा आली. मग बाई रोज, "तू दादा ना, बाळाचा हात धर." सहा वर्षांचं पोर, बिनपगारी आया! एकदा घरी येऊन म्हणाला, "आई, आज मी गायलोच नाही." मी दुसऱ्या दिवशी नाव काढलं.
आणि एक, खुळखुळे तपासा. आमच्या गटात मूग भरलेल्या बाटलीचं झाकण निघालं आणि धाकट्यांच्या तोंडात मूग. झाकणाला नुसती चिकटपट्टी पुरत नाही, चांगल्या ग्लूने पक्कं करा. सुटे घुंगरू तर नकोच.

पेटीवाले आजोबा
सगळे तालावर भांडताय, सुराचं कोण बघणार? लहान पोरांचा गळा साधारण पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोन ते पांढरी सहा (दुसरी ते सहावी पांढरी पट्टी) एवढ्यातच मोकळा असतो. शिकवणारा स्वतःच्या सोयीने खाली सूर लावतो, मग खालचे सूर लागत नाहीत म्हणून पोरं गाणं नुसतं बोलतात, आणि आपण म्हणतो यांना सूरच नाही. सा पांढरी दोनला ठेवा आणि सा ते प एवढ्यात बसणारी गाणी घ्या. भूप रागातले सा रे ग प दीड वर्षाच्यालाही पुरतात, सात वर्षांच्यालाही. वरचा सा मोठ्यांना द्या, तेवढ्यावर खूश असतात.

पंचवटीचा तबलजी
आजोबांशी वाद नाही. पण सात वर्षांचं पोर सा रे ग प वर किती शनिवार खूश राहणार?

गोदाकाठची
हे मात्र लागलं. परवा मुद्दाम बघत होते, थोरली बोल म्हणताना खिडकीबाहेर बघत होती. आणि हो, गेल्या महिन्यात "बाळाला धर गं" मीही दोनदा म्हटलंय. गट फोडणार नाही. पण पिल्लं घरी गेली की सहाच्या वरच्या चौघांना वीस मिनिटं थांबवते. पेटी आहे, खुळखुळे आज रात्रीच चिकटवते. तबला मला येत नाही.

पंचवटीचा तबलजी
हॉल कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट असेल तर तबला-डग्ग्याची जोडी घेऊन येतो. डग्गा पितळेचा आहे, जिना नको.