आइसलँडमध्ये कुठले धबधबे बघायचे?

बी-४०२ संजय: मंडळी, जूनच्या शेवटी आई-बाबांना घेऊन आइसलँडला जातोय. हातात आठवडा आहे. गाडी घेऊन रिंग रोडने सगळं बेट फिरायचा विचार आहे. बाबांना धबधब्यांचं वेड. मेधाताई, तुम्ही जाऊन आलात ना? कुठले चुकवायचे नाहीत?

ए-१०३ मेधाताई: संजय, आठवड्यात रिंग रोड नको रे. १३०० किलोमीटरच्या वर जातो तो. आई-बाबांचा सगळा वेळ गाडीत जाईल. दक्षिण किनारा धर आणि एकेका धबधब्यापाशी निवांत थांबा.

ए-१०३ मेधाताई: पहिला सेल्यालँड्सफॉस. साधारण ६० मीटर उंच, आणि पायवाटेने पाण्याच्या पडद्यामागे जाता येतं. दिवसा बसगाड्यांची गर्दी असते, म्हणून रात्री दहाला जा. जूनमध्ये तेव्हाही लख्ख उजेड असतो. मागे उभं राहिलं की मावळतीचं ऊन पाण्यातून आरपार येतं, सगळा पडदा तांबूस होतो. तिथून थोडं चाललं की कपारीत ग्ल्यूव्राबूई लपलाय. ओढ्यातल्या दगडांवरून आत जावं लागतं, तेवढं तू एकट्याने कर.

सी-२०१ देशपांडे काका: पाणी कुठून येतं एवढं? तिकडे आपल्यासारखा मोसमी पाऊस नाही ना?

ए-१०३ मेधाताई: काका, पाऊस-बर्फ बारा महिने असतो, आणि वर हिमनद्या. सेल्यालँड्सफॉसचं पाणी एयाफ्याद्लायोकुलवरून येतं. २०१० मध्ये ज्याच्या राखेने युरोपभरची विमानं जमिनीवर आणली, तोच ज्वालामुखी. त्याच्या माथ्यावर बर्फाची टोपी आहे. म्हणून आपल्या सह्याद्रीतल्यासारखे हे धबधबे दिवाळीनंतर आटत नाहीत.

बी-४०२ संजय: आईचे गुडघे दुखतात. तिला कुठलं जमेल?

ए-१०३ मेधाताई: स्कोगाफॉस. तोही ६० मीटरचा, पण समोर सपाट खडीचं पात्र आहे, पार जवळपर्यंत चालत जाता येतं. ऊन पडलं की इंद्रधनुष्य जवळजवळ ठरलेलं. बाजूच्या जिन्याने वर जाता येतं, पण पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत, काकूंना खालीच बसू दे. आणि बाबांना आवर्जून सांग, तो कडा म्हणजे जुना समुद्रकिनारा. बर्फयुग सरल्यावर जमीन वर उचलली गेली, समुद्र मागे हटला. आता समुद्र पाचेक किलोमीटर लांब आहे.

ए-३०४ स्वाती: गुलफॉस राहिला की! सगळ्या फोटोंत तोच असतो.

ए-१०३ मेधाताई: तो तर हवाच. ह्वीता नदी दोन टप्प्यांत ३२ मीटर खाली कोसळते आणि अरुंद घळीत शिरते. वरून बघताना नदी जमिनीत गडप झाल्यासारखी वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी गुंतवणूकदारांना तिथे वीज काढायची होती. सिग्रीदुर टोमासदोतिर नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीने वर्षानुवर्षं झुंज दिली. तिचे वकील स्वेन ब्योर्नसोन १९४४ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९७९ मध्ये गुलफॉस संरक्षित झाला. तिचं स्मारक धबधब्यापाशीच आहे, तिथे दोन मिनिटं थांबाच. एका बाईने नदी राखली, हे मला फार मोठं वाटतं.

सी-२०१ देशपांडे काका: वा! हे माहीत नव्हतं.

ए-१०३ मेधाताई: आणि एक दिवस काढता आला तर स्काफ्टाफेलचा स्वार्टिफॉस. जेमतेम २० मीटरचा, पण मागे काळ्या बेसॉल्टचे षटकोनी खांब पडद्यासारखे लटकलेत. आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब आठवा, तीच घडण. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, तडकतो आणि असे खांब होतात. गिल्बर्ट हिलचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिकडचं काम अजून चालूच आहे. पाऊण तासाचा चढ आहे, त्यामुळे काकू खाली कॅफेत.

बी-४०२ संजय: डेटिफॉस? बाबांनी नाव काढलं होतं.

ए-१०३ मेधाताई: ४४ मीटर उंच, १०० मीटर रुंद, करडं गढूळ पाणी, प्रचंड ताकद. पण तो पार ईशान्येला. या खेपेला सोड.

ए-३०४ स्वाती: छत्री चालेल?

ए-१०३ मेधाताई: अजिबात नाही, वाऱ्यात उलटी होते. पावसाळी जॅकेट, वर वॉटरप्रूफ पँट, आणि चांगल्या पकडीचे बूट. चष्मा पुसायला कापड खिशात. आणि शेवाळावर पाय ठेवू नका, तुडवलं गेलं तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. दोरीच्या आतच चालायचं. रोज सकाळी निघण्याआधी रस्ते आणि वाऱ्याची सरकारी माहिती बघायची.

बी-४०२ संजय: ठरलं, दक्षिण किनारा. ताई, रविवारी संध्याकाळी नकाशा घेऊन येऊ का? बाबाही येतील म्हणतायत.

ए-१०३ मेधाताई: या ना, सहानंतर घरीच आहे.