लोडर भरल्यावर ट्रॅक्टरची मागची चाके घसरतात

प्रश्न: शेणखत हलवणे, गवत कापणे व रस्त्यावरची खडी सारखी करणे यांसाठी लहान ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवला आहे, परंतु बकेट भरताच मागची चाके हलकी होऊन घसरतात. उपाय सुचवावा.

उत्तर १: मागे थ्री पॉइंट लिंकेजवर (अवजार तीन ठिकाणी अडकवण्याच्या जोडणीवर) वजनाची पेटी किंवा रोटाव्हेटरसारखे जड अवजार जोडावे, म्हणजे पुढच्या आसावरचा ताण कमी होऊन मागच्या चाकांना पकड मिळते. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच चालावे. ती उंच गेली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि उतारावर ट्रॅक्टर कलंडू शकतो.

उत्तर २: खडीसाठी मागे तिरके पाते जोडल्यास त्याचेही थोडे वजन मिळते.

उत्तर ३: गवत कापताना पीटीओ शाफ्ट (इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा फिरता दांडा) सहसा मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्यावरचे संरक्षक आवरण कृपया कधीही काढू नका. सैल कपडा क्षणात गुंडाळला जातो.