नवे पॅड, नव्या डिस्क, आणि ब्रेक आधीपेक्षा ढिले: तुमचे अनुभव लिहा

होटगी रोडवरून, धागा सुरू करताना

गेल्या महिन्यात गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि दोन्ही डिस्क (चाकासोबत फिरणारी थाळी, तिला पॅड दोन्हीकडून आवळतात) बदलून घेतल्या. गाडी पेट्रोल, ९ वर्षांची, ७२,००० किलोमीटर झालेली. जुने पॅड पार पत्र्याला टेकले होते, डिस्कवर नखाला लागतील अशा चऱ्या पडल्या होत्या, म्हणजे बदलणं भागच होतं. नवं सामान बसल्यावर ब्रेक सुधारायला हवेत ना? माझे कमी लागायला लागले.

मी रोज अक्कलकोटला शाळेत जाते. परवा वळसंगच्या पुढे, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेतरस्त्याला वळायला एकदम थांबला. मी नेहमीच्या अंदाजाने पाय ठेवला. पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही, आणखी दोन बोटं खाली गेलं. पाय उचलून पुन्हा दाबला तेव्हा ते वर, घट्ट लागलं आणि गाडी उभी राहिली. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं बॉनेटपासून हातभर अंतरावर होती. मागच्या सीटवर शाळेतल्या दोघी बाई बसल्या होत्या. पहिल्या तासाला फळ्यावर लिहितानाही माझा हात थरथरत होता.

गॅरेजमध्ये म्हणाले, "नवीन आहेत, ५०० किलोमीटर चालू द्या, सेट होतील." ब्रेकच्या पाइपातली एअर काढून पाहिली, बुडबुडे आले नाहीत. ऑइलची पातळी बरोबर, गळती कुठेच नाही.

सोलापूर आणि आसपासच्या ज्यांना असं झालं असेल त्यांनी जरूर लिहा. एकच विनंती. कारण नंतर, आधी पायाला काय जाणवलं ते सांगा. पेडल मऊ होतं, खोल जात होतं, दगडासारखं कडक होतं, की दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत होतं? आपण सगळ्याला "ब्रेक लागत नाही" म्हणतो, आणि समोरचा मिस्त्री त्याला जे आधी सुचेल ते खोलतो. मला हे नीट सांगता आलं असतं तर ३ हेलपाटे वाचले असते.

बाळ्याहून

माझं पेडल एकदम ठीक होतं. वर, घट्ट. पण गाडी थांबायची नाही, नुसती घसरत पुढे जायची. कारण दोन निघाली.

पहिलं, नवी डिस्क गंजू नये म्हणून कारखान्यातून तिच्यावर तेलाचा पातळ थर देऊन पाठवतात. ती डब्यातून काढली तशीच चढवली होती. ब्रेक क्लीनरने पुसायला हवी होती, त्याऐवजी मळक्या फडक्याने पुसली. ते तेल पॅडमध्ये मुरलं. मुरलेलं तेल निघत नाही, त्यामुळे २०० किलोमीटरचे कोरे पॅड टाकून दुसरे घ्यावे लागले.

दुसरं म्हणजे पॅड बसवून घेणं. पॅडच्या मसाल्याचा बारीक थर डिस्कवर एकसारखा चढला की मग पकड येते, आणि तो आपोआप चढेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. मी पहाटे साडेपाचला रिकाम्या रस्त्यावर गेलो. ताशी ५०-६० वरून मध्यम दाबाने १०-१५ पर्यंत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मग पुन्हा वेग घ्यायचा आणि मध्ये ब्रेकला वारा लागू द्यायचा. असं २५-३० वेळा केलं. मध्येच करपल्यासारखा वास आला तेव्हा १० मिनिटं ब्रेकला हात न लावता गाडी चालवत ठेवली. गरम डिस्कवर पाय दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा त्याच जागी उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. परत येताना फरक स्पष्ट होता.

ताई, तुमचं पेडल खोल जातंय, म्हणजे तुमचं दुखणं हे नसावं. "सेट होतील" हे पकडीबद्दल खरं आहे. खोल जाणारं पेडल सेट होऊन वर येत नाही.

भवानी पेठेतून

३२ वर्षं हातात पाना होता, आता मुलगा गॅरेज बघतो. वरच्यांनी शेवटी लिहिलंय ते अगदी बरोबर.

एक किस्सा सांगतो, कारण अशी गाडी माझ्याकडे दोनदा आली. पॅड-डिस्कसोबत कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचं) किट टाकलेलं, म्हणजे दोन्ही कॅलिपर पाइपापासून सोडवलेले. पेडल स्पंजासारखं मऊ. दुसरीकडे ५ वेळा एअर काढून झालेली, ऑइलचे दोन डबे संपलेले. मी चाक काढलं आणि पहिल्यांदा एअर काढायचं निप्पल कुठे आहे ते बघितलं. निप्पल खाली! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. बोल्ट तंतोतंत बसतात, म्हणून कळत नाही. पण हवा वर चढते आणि निप्पल खाली असेल तर ती बाहेर येणार कुठून? कितीही पंप करा, वरच्या कोपऱ्यातला बुडबुडा तिथेच राहतो. कॅलिपर अदलाबदल केले, एकदा एअर काढली, पेडल वर.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. पॅड बदलताना कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन मागे ढकलतात. काम झाल्यावर गाडी जागेवरून हलवायच्या आधी पेडल ४-५ वेळा दाबून घट्ट करायचं. पहिले दोन-तीन दाब रिकामेच जातात. हे न करता गाडी हलवली आणि समोरच्या भिंतीवर नाही तर मागच्या माणसावर गेली, असं मी डोळ्यांनी बघितलंय. मालकाने गाडी ताब्यात घेताना स्वतः हे करावं. मिस्त्रीला राग येत नाही.

ताई, तुमचे पाइप सोडले नव्हते ना? नसतील तर आधी मागचे ड्रम, म्हणजे मागच्या चाकांचे ब्रेक बघा.

जुळे सोलापूरहून

काका म्हणतात तसंच माझं होतं. पेडल खोल, दुसऱ्या दाबाला वर. पुढे सगळं नवं आणि मागे ड्रमचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) घासून आतच राहिलेले. पाय दाबला की आधी ते अंतर भरून निघायला ऑइल खर्च व्हायचं. हँडब्रेक ९-१० टिकटिक झाल्याशिवाय धरायचा नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती.

घरच्या घरी बघता येतं. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक चांगला ओढा आणि मग पेडल दाबा. पेडल एकदम वर आलं तर मागचे लायनर सैल आहेत. माझं आलं. ॲडजस्ट करायला अर्धा तास लागला.

होटगी रोडवरून

आत्ताच करून पाहिलं. हँडब्रेक ५ टिकटिकला धरतो आणि तो ओढून पेडल दाबलं तरी काहीच फरक नाही. पाइप सोडले नव्हते, निप्पल दोन्ही बाजूंना वर आहे, मोबाइलच्या उजेडात पाहिलं. आणखी एक लक्षात आलं, आधी का नाही आलं कोण जाणे. सात रस्त्यापासून आसऱ्यापर्यंत, सिग्नल-सिग्नलला ब्रेक मारत आले की पेडल छान असतं. अक्कलकोट रोडला १०-१२ किलोमीटर ब्रेक न लावता गेले की पहिला दाब खोल जातो.

विडी घरकुलहून

डिझेल गाडी. पेडल दगड! दोन्ही पायांनी दाबलं तरी गाडी रांगत पुढे. मी पॅडच्या मसाल्याला दोष देत राहिलो, दुसऱ्या कंपनीचे पॅडही घेतले. निघाली बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची) व्हॅक्यूम नळी. काम करताना हलवली असावी, उन्हाने कडक झालेली होती, तोंडापाशी चीर गेली. तपासायची रीत अशी: इंजिन बंद ठेवून पेडल ४-५ वेळा दाबायचं, मग दाबून धरून इंजिन चालू करायचं. बूस्टर चांगला असेल तर पायाखाली पेडल किंचित खाली बसतं. माझं तसूभर हललं नाही.

शेळगीहून

यात्रेकरूंच्या भाड्याची गाडी चालवतो. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, महिन्यातले २५ दिवस. दोन अनुभव आहेत.

गड्ड्याच्या यात्रेत, गर्दीत इंच-इंच सरकताना पेडलवर पाय ठेवून उभा होतो आणि ते लोण्यात सुरी जावी तसं खाली जायला लागलं. गळती नाही, ऑइल कमी होत नाही. मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाचे) रबर आतल्या आत ऑइल मागे सोडत होते. आठवड्यापूर्वी पॅड टाकले तेव्हा एअर काढताना पोराने पेडल तळापर्यंत दणादण दाबलं होतं. जुन्या सिलिंडरमध्ये रबर रोज जेवढ्या जागेत फिरतं तेवढीच भिंत गुळगुळीत असते, त्यापुढे मळ आणि गंज. रबर तिथवर गेलं की फाटतं. तेव्हापासून एअर काढताना पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवायला लावतो.

दुसरा अनुभव तुळजापूरच्या घाटातला. आईचं दर्शन घेऊन उतरत होतो, मे महिना, बाहेर ४३ अंश, गाडीत ७ माणसं. नवे पॅड असल्याच्या भरवशावर चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर उतरलो. खालच्या वळणाला पेडल मऊ होऊन पाय आत गेला. गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत कशीबशी बाजूला लावली. एक आजी मोठमोठ्याने आईचा धावा करत होत्या, तो आवाज अजून कानात आहे. ऑइल ४ वर्षं बदललेलं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंशाला उकळायला हवं, पाणी मुरलं की ती हद्द १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलतात तेव्हा तेच कॅलिपरमधलं जळकं ऑइल वर टाकीत येतं, म्हणून तेव्हाच सगळं काढून नवं भरावं. मी आता दर २ वर्षांनी बदलतो, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरतो.

चिंचोळी एमआयडीसीतून

मशीन शॉपमध्ये काम करतो, गाड्यांचा मिस्त्री नाही. पण ताईंच्या दुसऱ्या निरोपातलं "ब्रेक न लावता लांब गेले की पहिला दाब खोल" हे वाचून लिहावंसं वाटलं. डिस्क डगमगत फिरत असेल तर नेमकं असंच होतं. प्रत्येक फेऱ्याला ती पॅडला थोडं थोडं मागे ढकलते. शहरात तुम्ही सारखा ब्रेक मारता म्हणून पॅड जवळ राहतात. मोकळ्या रस्त्यावर ते दूर जातात आणि पहिला दाब ते अंतर भरण्यात जातो.

डिस्क नवी असली तरी ती ज्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसते तो ९ वर्षांचा आहे. त्यावर गंजाची खपली राहिली तर डिस्क तिरकी बसते, आणि हबपाशी जेवढा फरक असतो त्याच्या जवळपास दुप्पट डिस्कच्या कडेला दिसतो. डायल गेज (डगमग मोजणारं काट्याचं घड्याळ) लावून बघा, बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१ मिलीमीटरच्या वर चालत नाही. त्याआधी चाक वर-खाली धरून हलवून बेअरिंगमध्ये खेळ नाही ना ते बघा, बेअरिंग सैल असलं तरी लक्षण हेच. आणि नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे. एकाच बाजूने पिळत गेलं तरी डिस्क वाकडी धरली जाते.

रविवारी गाडी आणा, गेज माझ्याकडे आहे. घरी कॅलिपर सोडायला पाने आहेत.

भवानी पेठेतून

हे मला सुचलं नाही, बरोबर पकडलं. हबचा गंज आमच्याकडेही पोरं फुंकर मारून सोडतात. सोबत कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिन बाहेर काढून बघा. रबरात सुकलेल्या असतील तर एकच पॅड काम करतो. त्यांना साधं बेअरिंग ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि पिन आणखी अडकते. सिलिकॉनचं ग्रीस लावा.

होटगी रोडवरून

रविवारी झालं. उजवं चाक काढलं, बेअरिंगला खेळ नाही. डिस्कला नट लावून गेज टेकवला आणि चिंचोळीच्या दादांनी हाताने डिस्क हळूहळू फिरवली. काटा ०.१७ पर्यंत जाऊन परत आला. दोनदा मोजलं, तेच. डिस्क उतरवली तर हबवर, एका स्टडला (चाकाच्या बोल्टला) लागून, मसुराच्या डाळीएवढी गंजाची खपली, दाबून चपटी झालेली. डिस्कच्या मागच्या बाजूला तिचा काळा ठसा उमटला होता. कोऱ्या डिस्कवर तेवढाच एक डाग. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब धातू दिसेपर्यंत घासला, पुसला, तीच डिस्क पुन्हा चढवली. काटा ०.०४. डाव्या बाजूला ०.०९ होतं, तेही साफ केल्यावर ०.०३ वर आलं. खालची एक पिन जाम होती, ती सोडवून सिलिकॉन ग्रीस लावलं. नवा एकही पार्ट लागला नाही. दादांच्या आईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

सोमवारी शाळेत जाताना वळसंगपर्यंत मुद्दाम ब्रेक टाळला. मागेपुढे कोणी नाही असं आरशात बघून पाय ठेवला. पहिल्याच दाबाला पेडल वर. मागून एक बाई म्हणाल्या, "आज लागला की हो!"

शेळगीच्या दादांचं वाचून ब्रेक ऑइलही बदलून घेतलं. जुनं कोऱ्या चहाच्या रंगाचं निघालं. भवानी पेठेतल्या काकांच्या मुलाने बदललं. गाडी ताब्यात घेताना त्याने स्वतःहून पेडल दाबून बघायला सांगितलं.