प्रगतिपुस्तकं शोधून ठेवा
कुणीतरी विचारलंय की चाळिशीत एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, उतावळेपणा अशी लहानपणापासूनची अडचण) निदानासाठी ऑनलाइन प्रश्नावली पुरते का. नाही हो, ती ६ प्रश्नांची एएसआरएस (मोठ्यांनी स्वतः भरायची एडीएचडीची प्रश्नावली) नुसती चाळणी आहे, निदान सायकिअ‍ॅट्रिस्ट नीट मुलाखत घेऊनच करतात आणि त्यात मेन मुद्दा असतो की लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का. म्हणून माळ्यावरची प्रगतिपुस्तकं काढा, 'हुशार आहे पण वर्गात लक्ष नसते, वह्या अपूर्ण' असले शेरे तिथे फार कामाला येतात, आईला सोबत नेलंत तर उत्तमच (ती 'सगळीच मुलं अशी असतात' म्हणणार हे धरून चाला). ऑटिझमचीही शंका असेल तर आधीच सांगा, २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन मार्गदर्शक पुस्तक) पासून दोन्ही निदानं एकत्र देता येतात. आणि एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट दिलं तर ते शेड्यूल एक्समधलं (विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या यादीतलं) औषध, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही.